वीस फुटांचा पाइप, सात फुटांचा हौदा : लांब मालाचा इतिहास कुठे शोधायचा?

पिकअपच्या केबिनवर बसवलेली लोखंडी चौकट हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? पीएचडीसाठी विषय शोधणारे बरेच विद्यार्थी म्हणतील, नाही. इतिहास म्हणजे राजे, चळवळी, करार, फार तर एखादी गिरणी. पण रोह्याच्या बाजारातून धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे किंवा कोलाडच्या बाजूला जाणारा एखादा छोटा हत्ती आठवून बघा. हौद्याच्या पुढच्या बाजूला केबिनच्या उंचीची एक चौकट, मागे फाळक्याजवळ दुसरी, आणि दोन्हींवर आडवे टाकून करकचून बांधलेले पाइप. या चौकटीला कुणी कॅरिअर म्हणतं, कुणी स्टँड, कुणी नुसतंच रॅक. ती कंपनीकडून आलेली नसते. गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या मापाने ती तयार होते.

आजच्या लेखात ही चौकट निमित्त म्हणून घेतो आहे. साध्या वस्तूवरून संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो, आणि त्यासाठी कोणती साधनं धुंडाळायची, हे मला दाखवायचं आहे.

वाहन सोडा, माल धरा

या विषयावर काम करायचं म्हटलं की पहिला मोह होतो तो ‘वाहनांचा इतिहास’ लिहायचा. बैलगाडी, मग ट्रक, मग टेम्पो, मग पिकअप. अशी मांडणी सोपी असते आणि तिच्यातून नवीन काहीच कळत नाही. त्याऐवजी माल धरून मागे जा. कोणता माल? जो कापून लहान करता येत नाही तो.

पोती असतील तर दहाची पाच करून दोन खेपा करता येतात. घराचं आढं, गलबताची डोलकाठी, रेल्वेचा रूळ, पाण्याचा पाइप यांचं तसं होत नाही. त्यांची लांबी हाच त्यांचा उपयोग. कापले की माल बिघडला.

आता थोडं गणित करू. बाजारात मिळणारा लोखंडी किंवा पीव्हीसी पाइप साधारण ६ मीटरचा, म्हणजे जवळपास २० फुटांचा असतो. बांधकामाची सळई १२ मीटरची येते. ती मधोमध वाकवून नेतात, तरी ६ मीटर उरतेच. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एसची, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीची, एकूण लांबी ३.८ मीटर आणि हौदा सुमारे ७ फुटांचा. बोनेटच्या टोकापासून फाळक्यापर्यंत अख्खी गाडी वापरली तरी ६ मीटरच्या पाइपचे २.२ मीटर बाहेर राहणारच.

वजनाचं काय? १२ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम. म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलोची, आणि अशा ७० सळया ७४६ किलोच्या. पहिल्या टाटा एसची वहनक्षमता पाऊण टन होती. कागदावर ७० सळया बसतात! वजनाच्या हिशेबात गाडी पास होते आणि लांबीच्या हिशेबात नापास.

इथे संशोधनाचा प्रश्न हाती लागतो. वाहनात न मावणारी ही जादा लांबी वेगवेगळ्या काळात कोण सांभाळत होतं, आणि तिचा धोका कुणाच्या वाट्याला येत होता?

पाण्यावर लांबीची अडचण नव्हती

कुंडलिका नदी सह्याद्रीतून उतरते, रोह्यावरून जाते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. खाडीतल्या भरतीचा जोर रोह्याच्या आसपासपर्यंत पोचत असल्याने रस्ते होण्याआधीच्या काळात हे गाव बंदरही होतं आणि बाजारपेठही. माल होडीत भरायचा, ओहोटीबरोबर खाली न्यायचा, पुढे मुंबईच्या वाटेला लावायचा. पेण आणि नागोठणे हीदेखील अशीच खाडीकाठची गावं.

लाकडाच्या दृष्टीने पाण्याचा मोठा फायदा असा, की तिथे लांबी फारशी आड येत नाही. तरंगणारा सोट तीस फुटी असला काय आणि चाळीस फुटी असला काय, त्याचं वजन पाणी पेलतं. कान्होजी आंग्रे यांच्या काळात कुलाबा आणि विजयदुर्ग ही आरमाराची ठाणी होती. आरमार म्हटलं की सागवान आलं, आणि डोलकाठ्यांसाठी सरळ, उंच, अखंड झाडं आली. असा माल डोंगरातून किनाऱ्यापर्यंत आणणं हे आरमाराच्या इतिहासातलं दुर्लक्षित काम आहे. लढाया आपण वाचतो, लाकूड ओढणारे हात आपल्याला दिसत नाहीत.

साधन म्हणून कायदा कसा वाचायचा, याचं उदाहरण इथेच घ्या. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं ४१ वं कलम लाकडाच्या वाहतुकीवरचं नियंत्रण सरकारकडे देतं. पण त्याची सुरुवात रस्त्यापासून होत नाही. लाकूड तरंगवण्यासाठी नद्या आणि त्यांचे काठ सरकारच्या नियंत्रणात असतील, असं ते आधी सांगतं. पुढे ४५ वं कलम वाहून आलेल्या, काठाला लागलेल्या लाकडाबद्दल आहे. मालकी सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं मानायचं. ज्या अर्थी कायद्याला वाहून आलेल्या लाकडासाठी स्वतंत्र कलम लागलं, त्या अर्थी नदी हा लाकडाचा राजरोस रस्ता होता. कलम हुकूम देतं, आणि देता देता जुनी वहिवाटही सांगून जातं.

याच कायद्याच्या ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू होता. तो २०१७ च्या दुरुस्तीने वगळला गेला. स्वतःच्या शेतातला कळक तोडून नेणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट होती, कारण वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न त्या एका शब्दावर अडत होता.

दप्तरं शोधताना एक व्यावहारिक सूचना. ‘रायगड’ हे नाव घेऊन बसाल तर जुनं काही सापडणार नाही. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. १८८३ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर असो की १९६४ ची सुधारित आवृत्ती, दोन्ही कुलाबा नावाखाली बघा. मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल आणि वन या दोन्ही विभागांत शिरा. वनखातं लाकडाची लांबी आणि घेर मोजतं. मालवाहतुकीचे हिशेब मात्र बहुधा वजनात असतात. ज्या कार्यालयाचे पैसे ज्या मापावर ठरतात, तेच माप तिथल्या वहीत उतरतं. त्यामुळे ‘लांबी’ कुठल्या खात्याच्या वहीत सापडेल, हे आधी ठरवा आणि मग अर्ज करा.

उलाळ : एका शब्दातलं यंत्रशास्त्र

पाण्यातून माल जमिनीवर आला की बैलगाडी. दोन चाकं, एक कणा, पुढे जू. कण्याच्या पुढे आणि मागे वजन सारखं हवं. पुढे जास्त झालं तर बैलांच्या मानेवर भार येतो. मागे जास्त झालं तर जू वर उचललं जातं आणि गळ्याखालच्या पट्ट्यांचा बैलांना फास बसतो. मागे जड झालेल्या या अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे : गाडी उलाळ झाली.

लांब कळक किंवा वासे भरताना हा धोका सर्वांत जास्त असतो, कारण मागे निघालेलं टोक तरफेसारखं काम करतं. म्हणून गाडीवान बुंध्याची जड बाजू पुढे घेतो, माल पुढे सरकवून बघतो, जू हाताने उचलून अंदाज घेतो, आणि मगच बैल जुंपतो. चूक झाली तर ती पहिल्या दहा पावलांत कळते आणि तिचा त्रास त्याच्याच बैलांना होतो.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. भरणारा, हाकणारा आणि धोका सोसणारा इथे एकाच ठिकाणी आहेत. शब्दकोश हे इतिहासाचं साधन आहे, असं आपण वर्गात ऐकतो. ‘उलाळ’सारखा शब्द बघितला की ते पटतं. ज्या समाजाला एखाद्या धोक्यासाठी वेगळं नाव लागतं, त्याने तो धोका पुन्हापुन्हा हाताळलेला असतो.

रेल्वे आधी मोजते, मग सोडते

रोह्याला रेल्वे आली १९८६ साली, पनवेल-आपटा मार्ग पुढे वाढून. मग रोहा हेच कोकण रेल्वेचं सुरुवातीचं टोक ठरलं. रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, रोहा तालुक्यातल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक चालकासह सपाट वाघिणीवर चढवायचा आणि घाटवळणं टाळून पुढे न्यायचा.

लांब, उंच किंवा रुंद मालाबाबत रेल्वेची पद्धत रस्त्यापेक्षा वेगळी आहे. बोगदा आणि पूल यांना तडजोड माहीत नसते. ठरलेल्या चौकटीबाहेर जाणारा माल असेल तर तो हलण्याआधी मोजला जातो, त्याला वेगळी परवानगी लागते, आणि रूळ किंवा मोठे सोट नेण्यासाठी कडेला खुंट असलेल्या सपाट वाघिणी असतात. जादा लांबीचा प्रश्न इथे कागदावर, गाडी सुटण्यापूर्वी सुटतो. त्यामुळे रेल्वेच्या दप्तरात तो सापडतोही.

पण रेल्वे काही वाडीवर पाइप पोचवत नाही. हार्डवेअरच्या दुकानापासून घराच्या पायापर्यंतचे शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर उरतात. आपली चौकट जन्माला येते ती या उरलेल्या अंतरात.

टेम्पो, छोटा हत्ती आणि फुटांवर मोजलेल्या गाड्या

पुन्हा शब्दांकडे येऊ. मराठीत कुठल्याही लहान मालवाहू गाडीला आपण सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो. हे मूळचं हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या वाहनांचं नाव. तिच्या सहकार्याने फिरोदियांची बजाज टेम्पो १९५८ मध्ये सुरू झाली, तीनचाकी रस्त्यावर आली आणि व्यापारी नाव सामान्यनाम होऊन बसलं. २००५ मध्ये त्या कंपनीने स्वतःचं नाव फोर्स मोटर्स केलं. त्याच वर्षी टाटा एस आला आणि लोकांनी त्याचं छोटा हत्ती करून टाकलं.

मोठ्या गाड्यांची नावं वेगळ्या तऱ्हेने पडतात. ट्रान्सपोर्टवाले गाडी मागतात ती फुटांवर : चौदा फुटी, सतरा फुटी, एकोणीस फुटी. म्हणजे धंद्याला लांबीची पुरेपूर जाणीव आहे. मग वीस फुटांचा पाइप सात फुटी हौद्यात का जातो? कारण गिऱ्हाइकाला पाइप हवे असतात दहा-बारा. त्यासाठी मोठी गाडी केली तर भाडं परवडत नाही, आणि ती वाडीच्या अरुंद रस्त्यावर वळतही नाही. घरटी एक नळ, एक खोली, एक पत्र्याची शेड अशी छोटी छोटी बांधकामं जिथे होतात, तिथे मालाची लांबी कारखान्याच्या मापाची आणि वाहन गल्लीच्या मापाचं, अशी जोडी जमते. ही जोडी जमवायला मध्ये काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे रॅक.

चौकट वाचायची कशी?

वस्तू हेही दस्तऐवज असतात, फक्त ते वाचायला वेगळी नजर लागते. गाडीमालक रॅक निवडताना आणि फॅब्रिकेटर तो बसवताना जे निर्णय घेतात, तेच आपले वाचायचे मुद्दे.

पहिला : आधार कुठे आहे? केबिनचं छप्पर पातळ पत्र्याचं असतं. त्यावर भार टाकला की पत्रा दबतो, फाटतो. म्हणून चांगला रॅक केबिनला टेकत नाही. त्याचे पाय हौद्याच्या मजबूत खांबांना किंवा खाली चासीशी जोडलेल्या भागाला धरतात, आणि केबिन व रॅक यांच्यात बोटभर फट राहते.

दुसरा : दोन आधारांमधलं अंतर. आधार जवळजवळ असतील तर पाइपची टोकं पुढे-मागे झोके घेतात. पीव्हीसीचा पाइप तर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यावर चाबकासारखा लवतो. मागची चौकट फाळक्याच्या जितकी जवळ, तितका माल शांत.

तिसरा : वेल्डिंग की नटबोल्ट? बोल्टचा रॅक काढता येतो, घट्ट करता येतो. पहिल्या काही खेपांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेच लागतात. वेल्डिंगचा रॅक कायमचा, आणि जोडाच्या कडेला तडा गेला की तो लवकर लक्षात येत नाही. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर जाणता कारागीर आधी बॅटरीची वायर काढून ठेवतो.

चौथा : रॅकचं स्वतःचं वजन. जाड चौकोनी पाइपचा भक्कम रॅक म्हणजे तितक्या किलोंचा माल कमी. शिवाय भार जितका उंच, तितकी गाडी वळणावर झुकते.

पाचवा : बांधायच्या जागा. दोन्ही टोकांना उभे खुंट नसतील तर पाइप कडेने घरंगळतो. फक्त आडवे दोर असतील तर जोरात ब्रेक मारल्यावर गुळगुळीत पाइप पुढे सटकतात. त्यांना पुढे-मागे सरकू न देणारा वेढा वेगळा घ्यावा लागतो.

आता या पाचही मुद्द्यांत एक समान गोष्ट बघा. रॅक लांबी कमी करत नाही. तो तिची वाटणी करतो : थोडी केबिनच्या पुढे, बाकीची फाळक्याच्या मागे. सर्वांत उत्तम बसवलेला रॅकसुद्धा ते २.२ मीटर नाहीसे करू शकत नाही.

ते टोक कुणाकडे बघतं?

मागे निघालेली सळई बाजूने पाहिली तर लांबलचक दिसते. पण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती बाजूने दिसत नाही. त्याला दिसतं फक्त टोक, १२ मिलिमीटरचा एक ठिपका. रात्री हेडलाइटचा उजेड परतवण्याइतका पृष्ठभागही त्याला नसतो. बांधलेलं लाल फडकं अंधारात काळंच दिसतं.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९३ व्या नियमात माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढायला मुभा होती. अशा सळयांमुळे होणाऱ्या मृत्यूंवरून सेव्हलाइफ फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती मुभा काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात १९४(१ए) हे कलम आलं. माल बाजूला, पुढे, मागे किंवा वर मर्यादेबाहेर निघाला तर २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केलं की वाहनाच्या मूळ रचनेत उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाहीत.

नवख्या संशोधकाची गाडी इथे हमखास घसरते. कायदा बदलल्याची तारीख म्हणजे व्यवहार बदलल्याची तारीख, असं तो धरून चालतो. २०१४ नंतर पाइपची लांबी ६ मीटरच राहिली, वाडीचा रस्ता तेवढाच राहिला आणि हौदाही वाढला नाही. तेव्हा २०१४ ही तारीख घेऊन विचारायचा प्रश्न असा : त्या दिवसापर्यंत जे काम नियमात बसत होतं, ते दुसऱ्या दिवसापासून बेकायदा ठरलं तेव्हा त्याचा भार कुणी उचलला? चलन निघतं ते गाडीच्या नंबरावर. दहा पाइपांसाठी लहान गाडी मागणारं गिऱ्हाईक, ती भरून देणारा दुकानदार, कारखान्यातलं ठरलेलं माप, यांतलं काहीच सहसा त्या पावतीवर येत नाही.

बैलगाडीशी तुलना करून बघा. उलाळ झालेल्या गाडीचा त्रास गाडीवानाच्या बैलांना व्हायचा, म्हणून तो थांबायचा. पिकअपमध्ये मागे जादा भार आला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग थोडं सैल लागतं, एवढंच चालकाला जाणवतं. टोकाचा खरा धोका त्याच्या आरशातही नीट न दिसणाऱ्या माणसाकडे गेलेला असतो. लांबी तीच आहे. दोनशे वर्षांत बदललं ते हे, की धोका भरणाऱ्याकडून अनोळखी माणसाकडे सरकला. माझ्या मते या विषयावरचा प्रबंध याच वाक्याभोवती उभा राहू शकतो, आणि त्याला पुरावा द्यायला वनखात्याच्या वह्या, रेल्वेचे नियम, कायद्याच्या दुरुस्त्या, फॅब्रिकेटरची मापं आणि अपघातांच्या नोंदी, सगळंच लागेल.

करून बघा

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर यावर एक छोटा अभ्यास करता येईल. तुमच्या गावातला एक न कापता येणारा माल निवडा : कळक, पाइप, सळई, पत्रा, वासा, काहीही. तो कारखान्यातून किंवा जंगलातून येतो कुठून, आणि कोणत्या टप्प्यावर त्याचं वाहन बदलतं, याचा नकाशा काढा. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहा : इथे लांबी कोण मोजतं, बांधतं कोण, आणि सुटला तर लागतो कुणाला. मग प्रत्येक उत्तरासमोर ते कोणत्या कागदावर नोंदलं जातं, ते लिहा.

मोजण्याच्या आणि बांधण्याच्या रकान्यांत तुम्हाला खाती, वह्या, परवाने, दुकानं सापडतील. तिसऱ्या रकान्यासाठी मात्र पोलीस ठाण्यात आणि तालुक्याच्या दवाखान्यात जावं लागेल, आणि तिथे नोंद बहुतेक ‘मोटारसायकलस्वार, मागून धडक’ एवढीच असेल. त्या तीन शब्दांतून पाइपपर्यंत परत कसं जायचं, ही तुमच्या संशोधनपद्धतीची पहिली परीक्षा.